ग्वाल्हेरचे दोन उन्हाळे आणि चौकातल्या कोंबड्या

माझं लग्न ठरलं तेव्हा कागलला आमच्या अर्ध्या गल्लीचा समज झाला की जावई फौजेत आहे. आबाच सांगत सुटले होते, "पोरगी लष्करात दिली." लष्कर हे ग्वाल्हेरातल्या वस्तीचं नाव आहे, 1810 साली दौलतराव शिंद्यांनी इथं छावणी टाकली आणि तंबूंच्या जागी पुढं शहर झालं, हे मलाही इथं आल्यावरच कळलं. कळायच्या आणखीही बऱ्याच गोष्टी होत्या. उन्हाळा म्हणजे काय, ही त्यातली एक.

कागलला आमच्या परसात कायम पंधरा-वीस कोंबड्या. रात्री खुराडं, दुपारी डालगं, बाकी त्यांचं त्या बघायच्या. एप्रिलमध्ये उकडायला लागलं की चार दिवसांत वळीव यायचा. तीच अक्कल घेऊन मी इथं गच्चीवर पत्र्याचं खुराडं बांधलं आणि सात कोंबड्या आणल्या. मेच्या शेवटच्या आठवड्यात त्यातल्या तीन गेल्या, चौथी जूनमध्ये. एका दुपारीच दोन. पाणी होतं, सावली होती, दाणे होते. "आणखी काय करायचं असतं?" म्हणून मी आत्यासाहेबांसमोर रडले. त्या म्हणाल्या, "सावली होती गं, पण ती सावली तापलेली होती."

या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. आज चौकात बारा आहेत: पाच कडकनाथ, तीन बोडक्या मानेच्या, तीन साध्या गावठी आणि एक कोंबडा. गेल्या सहा उन्हाळ्यांत उन्हानं एकही गेलेली नाही. एक मुंगसानं नेली, ती वेगळी गोष्ट.

सगळ्यात आधी एक लक्षात घ्या. ग्वाल्हेरात उन्हाळे दोन असतात. एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा कोरडा, लू वाहणारा. मग मृग लागतो, पण पाऊस येत नाही. जून संपेपर्यंत नुसती दमट उमस. पहिल्या उन्हाळ्यात जे कोंबडीला वाचवतं तेच दुसऱ्यात तिला मारतं. भोपाळ, झाशी, नागपूरकडच्यांनी आपापल्या हवेप्रमाणे तारखा मागंपुढं कराव्यात, पण भेद हाच.

कोंबडीचं शरीर मुळातच 41-42 अंशांवर चालतं. तिला घाम येत नाही. जास्तीची उष्णता ती तुऱ्यातून, चोचीखाली लोंबणाऱ्या गलोलांतून, पायांतून आणि पंखांखालच्या उघड्या कातडीतून बाहेर टाकते, आणि ते पुरेनासं झालं की चोच उघडून धापा टाकते. साधारण तीस अंशांच्या पुढे धापा सुरू होतात. आता हिशेब करा. लूचा वारा 45 अंशांचा असतो, म्हणजे कोंबडीच्या अंगापेक्षा गरम. अशा वेळी तिच्यापुढे नुसता पंखा लावणं म्हणजे भट्टीच्या तोंडाशी बसवणं. मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं. टेबल फॅन लावला आणि वर स्वतःलाच शहाणी समजले.

जागा आणि छप्पर

खुराडं गच्चीवर नको. पश्चिमेच्या दगडी भिंतीला चिकटूनही नको. इथल्या जुन्या घरांत सगळा दगडच, पटियांचं छत, फरशीचा चौक. दिवसभर प्यायलेलं ऊन तो दगड रात्री अकरापर्यंत परत देत बसतो. हात लावून बघा. आमचं खुराडं आता चौकात कडुनिंबाखाली आहे, लांब बाजू पूर्व-पश्चिम, म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड बाजूंवर पडतं. चारही बाजूंना जाळी, आणि दक्षिण-पश्चिमेला छपराची पडवी अडीच फूट पुढं काढलेली.

पत्रा काढता येत नसेल तर काढू नका, पांढरा करा. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात थोडा डिंक घालायचा, म्हणजे हाताला लागत नाही. दोन हात, पंधरा दिवसांच्या अंतरानं. त्यावर सरसोंच्या, म्हणजे मोहरीच्या, काड्यांचा वीतभर थर. मुरैना-भिंडकडे सरसों इतकी पिकते की मार्चमध्ये काड्या जवळजवळ फुकट मिळतात. तुमच्याकडे तुरीच्या किंवा उसाच्या पाचटीनंही भागेल. वर जुनी मासे धरायची जाळी टाकून चार कोपऱ्यांना दगड बांधा, नाहीतर पहिल्याच आँधीत सगळं शेजाऱ्यांच्या दारात. आणि जवळपास चूल, विडी, दिवाळीतले उरलेले फटाके काही नको. काडी ती काडीच.

आतली गादी म्हणजे भुसा नि राखेचा थर. हिवाळ्यात मी तो चांगला सहा बोटं ठेवते. होळीनंतर उपसून दोन बोटांवर आणते, कारण जाड गादी विष्ठेबरोबर आतून कुजते आणि कुजताना तापते. दाटी कमी करा. एरवी एकीला दोन चौरस फूट जागेत चालतं, मेमध्ये दुप्पट हवी. शेजारीण शेजारी बसली तर तिच्या अंगाची ऊबही सोसावी लागते, आपल्याला एस. टी.त होतं तसंच.

वाळ्याचा पडदा

इथं वाळ्याला खस म्हणतात. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या जाळीवर खसचा पडदा, आणि पूर्व बाजू पूर्ण उघडी. ही उघडी बाजू विसरू नका. हवा आरपार गेली पाहिजे, नाहीतर ओला पडदा लावून तुम्ही न्हाणीघर तयार कराल. मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की ओला पंचा अर्ध्या तासात कडक होतो. त्याच कोरडेपणाचा फायदा घ्यायचा. वारा ओल्या मुळ्यांतून येताना पाणी उडवतो आणि स्वतः गार होतो. मी दोन तापमापकं लावून पाहिलंय: चौकात सावलीला 44, पडद्याच्या आत 35. हा फरक कोंबडीच्या जिवाचा आहे.

दर तासाला तांब्यानं पाणी मारत बसणं जमत नाही, माणसाला इतरही कामं असतात. आमच्या ह्यांनी पडद्याच्या वर एक बादली टांगून तिला कूलरचा बारीक पाइप जोडला, पाइपला तापवलेल्या सुईनं बोटभर अंतरावर भोकं पाडली. बादली साडेदहाला भरली की दीडपर्यंत ठिबकते, दुसरी पाचपर्यंत. तिघऱ्याच्या धरणाचं पाणी उन्हाळ्यात जपूनच येतं, म्हणून पडद्याला मी भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी गाळून वापरते. खस महाग वाटली तर जुन्या कूलरची घास दोन जाळ्यांमध्ये दाबून बसवा. गोणपाटही चालतं, पण ते वारा अडवतं, म्हणून त्याला मध्ये मध्ये चिरा द्या. पंखा लावायचा असेल तर तो या पडद्याच्या बाहेरून आत. आणि वायर पाण्यापासून लांब, उंच.

पाणी

एरवी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पिते. कडक उन्हात दुप्पट, कधी जास्त. बारांना सहा लिटर धरा आणि दहा भरून ठेवा, कारण निम्मं त्या सांडतात. पण पाणी तापलं की कोंबडी ते पीतच नाही, तहानलेली असली तरी. माझ्या त्या चारजणींचं हेही झालं. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी, पत्र्याच्या भांड्यात. दुपारी त्यात चहा टाकला असता तर रंग उतरला असता.

आता चार मातीच्या कुंड्या, चार ठिकाणी, अर्ध्या जमिनीत पुरलेल्या. एकाच कुंडीवर थोरली कडकनाथ पहारा देते आणि दुबळ्या कोंबड्यांना फिरकू देत नाही, म्हणून चार. पाणी पहाटे भरलेल्या माठातलं. टाकीच्या नळाला अकरानंतर हातच लावायचा नाही. सात, अकरा, दोन, पाच या वेळांना बदलायचं. कुंडी रोज नारळाच्या शेंडीनं घासा, उन्हाळ्यात शेवाळ एका रात्रीत धरतं. शिवाय एका पसरट परातीत दोन बोटं पाणी ठेवा. पहिल्या दिवशी त्या लांबून बघतील. चौथ्या दिवशी परातीत उभ्या राहण्यासाठी भांडणं होतील. पायांवाटे उष्णता झपाट्यानं उतरते.

पाण्यात काय घालायचं, याबद्दल प्रत्येकाचं एक मत असतं. आमच्या बाजूच्या भाभीजी म्हणतात आमपन्ना पाजा. नका पाजू. जास्तीचं मीठ कोंबडीला सोसत नाही. लू लागू नये म्हणून इथले लोक खिशात कांदा ठेवतात, तोही खुराड्यात टांगायचा असेल तर चोच पोचणार नाही इतका उंच. कांदा जास्त पोटात गेला तर कोंबडीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पशुपक्ष्यांच्या औषधांच्या दुकानात इलेक्ट्रोलाइटची पुडी मिळते. ती पुडीवर लिहिलेल्या मापानं, फक्त तापलेल्या दिवसांत, दोनच कुंड्यांत. बाकी दोन कुंड्यांत साधं पाणी. तिला काय हवं ते तिचं तिला कळतं.

दाणे कधी

मला सगळ्यात उशिरा कळलेली आणि सगळ्यात कामाला आलेली गोष्ट ही, आणि हिला पैसाही लागत नाही. दाणे खाल्ले की पचताना अंगात उष्णता तयार होते, आणि ती खाल्ल्यावर काही तासांनी शिगेला पोचते. म्हणजे तुम्ही नऊ-दहाला मायेनं भरपेट घातलंत तर पोटातली चूल ऐन दीड-दोनला पेटणार, बाहेर 45 असताना. माझ्या पहिल्या दोन कोंबड्या मेल्या त्या दुपारी अडीचला, पोट गच्च भरलेलं. हात लावला तेव्हा लागलं होतं.

म्हणून पहाटे साडेचारला मी खुराड्यातला बल्ब लावते. त्या उठतात, गारव्यात पोटभर खातात. साडेआठला खाद्याचं भांडं उचलायचं. उचलायचं म्हणजे उचलायचं, मागून कितीही कलकलाट झाला तरी. मग थेट संध्याकाळी साडेसहानंतर. मधल्या वेळात काकडी, पालकाची देठं, आणि तरबूज. (माहेरी गेले की कलिंगड म्हणायचं, इथं तरबूज, एकदा कागलच्या बाजारात तरबूज मागितलं तर बाई माझ्याकडे बघतच राहिली.) साली फ्रीजमध्ये गार करून घाला. त्यात पोषण फारसं नाही, पाणी आहे, तेच हवं. मूठ-दोन मूठ, बारा जणींत. जास्त घातलं तर हगवण.

उन्हाळ्यात त्या एकूण कमीच खातात, म्हणून जे खातील ते कसदार असू द्या. तांदळाची कणी नि बाजरी यांवर भागवायचे हे दिवस नाहीत. अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य संध्याकाळी थोडं पाणी शिंपडून ओलसर केलं की चवीनं खातात. तासाभरात उरलं ते फेकून द्या, या हवेत ते आंबतं.

शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत कायम असावा. तरीही मेमध्ये अंड्याचं कवच पातळ होतं, कधी नुसती पिशवीच पडते. त्यात चुऱ्याचा दोष नाही. धापा टाकताना अंगातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि कवच घडायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. आठवड्यातून दोन सकाळी मी चार लिटर पाण्याला एक सपाट चमचा खाण्याचा सोडा घालते, नऊ वाजेपर्यंतच. इलेक्ट्रोलाइट ज्या दिवशी असेल त्या दिवशी सोडा नाही.

एखादी कोसळली तर

चोच उघडी, पंख अंगापासून लांब धरलेले, इतकं असेल तर ती उन्हाशी झगडतेय, लक्ष ठेवा. मान लांबवून डोळे मिटले, तुरा फिका किंवा काळपट-निळा पडला, चालताना झोक जातोय किंवा उठतच नाही, तर मग मिनिटं मोजा. कडकनाथच्या बाबतीत तुऱ्याचा रंग बघून काही कळत नाही, तो मुळातच काळा. तिच्या श्वासावर आणि पायांवर नजर ठेवायची.

सावलीत ठेवलेल्या बादलीतलं साधं पाणी घ्या. बर्फाचं नको, माठातलंही नको. एकदम गार पाण्यानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते, शिवाय धक्का बसतो तो वेगळाच. तिला दोन्ही हातांनी धरून पाय आणि पोट बुडेल इतकं पाण्यात ठेवा, मान वर. पिसांखाली बोटं घालून पाणी कातडीपर्यंत पोचू द्या, नाहीतर पिसांवरून ते बदकासारखं ओघळून जातं. चार-पाच मिनिटं. मग खसच्या वाऱ्यात, एकटीला. चोचीच्या कडेला बोटानं थेंब लावा, ती स्वतः गिळेल. चोच फाकवून तोंडात पाणी ओतू नका. जिभेच्या मागंच श्वासनळीचं तोंड असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. माझी तिसरी कोंबडी उन्हानं नाही मेली, माझ्या चमच्यानं मेली.

लस टोचणं, जंताचं औषध, कोंबड्या एका जागेहून दुसरीकडे हलवणं, हे काहीही सकाळी सातनंतर करू नका. राणीखेतची लस मी बर्फाच्या थर्मासमधून आणते आणि पहाटेच उरकते. इतक्या गार गावाचं नाव इतक्या वाईट रोगाला पडावं, याची मला कायम गंमत वाटते.

खुडूक कोंबडीची वेगळी काळजी घ्या. ती अंड्यांवरून उठत नाही, पाणी पीत नाही, आणि बसल्या जागी वाळते. मेमध्ये मी खुडूक बसवत नाही. बसलीच हटून, तर दिवसातून तीनदा उचलून पाण्याशी नेऊन सोडते. टोचते, शिव्या देते, देऊ दे. अंडीही दिवसातून तीन-चारदा गोळा करा. अंडं उबतं साडेसदतीस अंशांना, आणि मेमध्ये आमची स्वयंपाकघराची फळीसुद्धा तिथवर जाते. कोंबडा असेल तर दोन दिवसांत अंड्यात तांबडा धागा दिसेल आणि धाकटी जाऊ पुन्हा ऑम्लेट खाणार नाही.

जातीबद्दल थोडंसं. कडकनाथ झाबुआचा, 2018 साली त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं. काळा असूनही ऊन काढतो, अंगानं हलका आणि इथल्याच मातीतला म्हणून. बोडक्या मानेच्यांना तर देवानंच पदर कमी दिलाय, त्या सगळ्यांत निवांत. पांढऱ्या ब्रॉयलरची पिल्लं हौसेनं वाढवायला घेऊ नका. जड अंग, वाढ झपाट्याची. तीच पहिली जातात.

मृगानंतर

नवतपा, म्हणजे मेअखेरीचे ते नऊ कडक दिवस, संपला, की लोकांना वाटतं सुटलो. माझी चौथी कोंबडी गेली ती तेव्हाच, पारा चाळिशीच्या खाली आल्यावर. मी आपली इमानेइतबारे पडदा भिजवत होते. हवेतच पाणी भरलेलं असताना पडद्यातलं पाणी उडत नाही, खुराड्यात फक्त वाफ कोंडते, आणि कोंबडीच्या धापांनाही तोच नियम लागू: तोंडातली ओल उडेनाशी झाली की धाप फुकट जाते. हे ओळखायला यंत्र लागत नाही. सकाळी दोरीवर ओला पंचा टाका. अर्ध्या तासात वाळला तर पडदा भिजवा. तासाभरानंतरही दमट असेल तर पडदा काढा, चारही बाजू उघड्या करा आणि आता मात्र तो टेबल फॅन लावा. हवा 38 अंशांची, कोंबडीच्या अंगापेक्षा गार. वारा आता तिच्या कामाचा. जमिनीवर पाणी शिंपडणं बंद. ओल्या गादीत रक्ती हगवण आणि पिसवा दोन्ही वाढतात. रोज सकाळी गादी खाली-वर करून कोरडी राख मिसळा. कोपऱ्यात मातीचा खड्डा ठेवा, त्यात त्या पोट टेकून पडतात आणि खालची गार माती उकरून काढतात. परात, चार कुंड्या आणि पहाटेचे दाणे हे मात्र पहिला चांगला पाऊस पडेपर्यंत तसंच.

रात्री उकडतं म्हणून दार उघडं टाकू नका. फळीच्या दाराऐवजी अर्ध्या इंचाच्या जाळीचं दार करून घ्या. मुंगसाचं सांगितलंच.

पाऊस लागला की खसचा पडदा दोन दिवस उन्हात कडकडीत वाळवून, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून गुंडाळायचा आणि आढ्याला टांगायचा. जमिनीवर ठेवला तर वाळवी. होळीच्या आसपास उतरवून एकदा भिजवून बघा. वास आला नाही आणि मुळ्या हातात तुटायला लागल्या तर तेव्हाच नवा घ्या. एप्रिल उजाडला की दुकानदार भाव वाढवतो.